पाहुण्या कणाची साक्ष

मौजे कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा हिंगोली: नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे उभ्या महाराष्ट्रास ठाऊक झालेल्या या गावाच्या निमित्ताने अतिशीत फर्मी वायूंची कथा निघावी, हे वाचकास अप्रस्तुत वाटेल, परंतु याच जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, चार चार किलोमीटरच्या निर्वात नळ्यांतून लेसरचे किरण धाडू पाहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेस २०२३ साली केंद्र सरकारची मंजुरी मिळाल्यापासून हळदीच्या या मुलखात लेसर आणि निर्वात हे शब्द परके राहिलेले नाहीत, आणि हेतू अगदी निराळा असला तरी फर्मी वायूचे यंत्रही याच दोहोंवर उभे आहे.

धातूची वाफ निर्वात पात्रात सोडावयाची, समोरून येणाऱ्या लेसरच्या माऱ्याने तिचा वेग मोडावयाचा, चुंबकांच्या बंदोबस्तात तिला कोंडावयाचे, आणि अधिक तापट अणूंना बाहेरची वाट देऊन उरलेल्यांना केल्विनच्या कोट्यांशाच्या आसपास निववावयाचे, अशी ही रीत. १९९९ साली अमेरिकेतील बोल्डर येथे डेबोरा जिन आणि ब्रायन डिमार्को यांनी पोटॅशियमच्या फर्मी जातीच्या अणूंवर ती प्रथम सिद्धीस नेली.

खरी मौज पुढे आहे. दोन समान फर्मी कणांनी एकाच अवस्थेत राहू नये, हा पाउलीचा दंडक. त्यामुळे इतक्या थंडीत ते एकमेकांशी टक्करही घेत नाहीत, आणि निव्वळ शुद्ध वायू जवळजवळ मुकाच राहतो. त्यास बोलते करावयाचे तर भिन्न अवस्थेतला एखादा अणू त्यात सोडावा लागतो, आणि नेमक्या त्याच उपकारकर्त्याला शास्त्राने ‘अशुद्धी’ म्हणावे, हा माझ्या मते उघड अन्याय आहे.

हा पाहुणा भोवतालच्या कणांना आपल्याकडे ओढीत चालतो, त्याचे परिणामी वस्तुमान वाढते, ऊर्जा घटते. अशा लवाजम्यासह चालणाऱ्या पाहुण्यास ‘फर्मी पोलॅरॉन’ म्हणतात. एवढ्या गर्दीचा हिशेब आवाक्याबाहेरचा असणार, अशी धास्ती रास्तच होती. परंतु पॅरिसच्या फ्रेदेरिक शेवी यांनी २००६ साली, पाहुणा भोवतालच्या फर्मी कणांच्या समुद्रातून एका वेळी एकच कण उठवितो एवढेच गृहीत धरून जमाखर्च मांडला, तेव्हा आकर्षण पराकोटीस पोचले असता होणारी घट फर्मी ऊर्जेच्या, म्हणजे त्या समुद्राच्या पृष्ठभागावरील कणाच्या ऊर्जेच्या, सुमारे सहा दशांश निघाली. आणि संगणकावरील दीर्घ गणितांशीही ती जुळली, कारण अनेक कण उठविण्याच्या रकमा बव्हंशी परस्परांना छेदतात. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर इतका चोख ताळेबंद विज्ञानाच्या दप्तरात क्वचितच सापडेल.

२००९ साली एमआयटीमध्ये मार्टिन झ्वीरलाइन यांच्या चमूने लिथियमच्या वायूतील पाहुण्याचा रेडिओलहरींनी मुलाहिजा केला, तो वर्णपटात त्याची टोकदार रेषा पसरट पार्श्वभूमीतून स्वच्छ वर आली. आणि २०१६ साली इन्सब्रुकच्या प्रयोगशाळेत, लिथियमच्या समुद्रातील पोटॅशियमच्या अणूभोवती हा लवाजमा जमताना पाहिला गेला. त्यास अवघे काही मायक्रोसेकंद लागले.