गोठ्याचे सांडपाणी आणि दोन वायू

गोठा धुतला की शेण, मूत्र व पाणी यांचे मिश्रण नालीवाटे खड्ड्यात जाते. दुर्गंधी आणि डास हे त्याचे उपद्रव सर्वांच्या परिचयाचे आहेत. परंतु याच खड्ड्यातून वातावरण तापविणारे दोन वायूही बाहेर पडत असतात : मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार केला, तर समान वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत पहिल्याचा प्रभाव सुमारे २७ पट, तर दुसऱ्याचा सुमारे २७३ पट ठरतो.

या वायूंचा उगम भिन्न परिस्थितीत होतो. जेथे हवा पोचत नाही, तेथे सूक्ष्मजंतूंनी केलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या विघटनातून मिथेन निर्माण होतो. याउलट हवा मिळाली की अन्य जीवाणू अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात; पुढे प्राणवायूच्या अभावी आणखी काही जीवाणू नायट्रेटपासून निरुपद्रवी नायट्रोजन मोकळा करतात. हवा अपुरी पडून ही मालिका खंडित झाली, तर मध्येच नायट्रस ऑक्साइड निसटतो. म्हणजेच खड्ड्यात अर्धवट हवा खेळविल्यास एक वायू घटून दुसरा, अधिक उग्र वायू वाढण्याचा संभव असतो.

भारतात यावरील एक उपाय इंधन व खत यांसाठी पूर्वीच रूढ झाला होता. जशभाई पटेल यांनी विकसित केलेल्या तरंगत्या टाकीच्या गोबर गॅस संयंत्राचा प्रसार खादी व ग्रामोद्योग आयोगाने केला. पुढे १९७८ साली स्थिर घुमटाचे ‘जनता’ आणि १९८४ साली ‘दीनबंधु’ ही संयंत्रे आली. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तो जळाल्यावर कार्बन डायऑक्साइड होतो; पण त्यातील कार्बन चाऱ्याने हवेतूनच घेतलेला असतो.

तथापि संयंत्र बांधल्याने कार्य संपत नाही. घुमटाला तडा गेला किंवा नको असलेला गॅस हवेत सोडून दिला, तर केलेला लाभ वाया जातो. बाहेर पडणाऱ्या रबडीतही मिथेनची निर्मिती काही काळ चालूच राहते. म्हणून रबडीची कुंडी झाकलेली असावी, तिच्यातील गॅसही वापरात यावा, आणि रबडी पिकाच्या गरजेपुरतीच शेतात द्यावी. गोठा धुण्यापूर्वी शेण उचलून संयंत्रात घालावे. त्यामुळे सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य मुळातच कमी होते. शुद्धीकरणाचे यश पाण्याच्या स्वच्छतेइतकेच हवेत काय सोडले यावरूनही मोजले पाहिजे.