थोड्या खर्चात तंजावर

तंजावरास जाऊन आलेल्या मराठी यात्रेकरूला ‘तेथे काय पाहिले?’ असे विचारले, तर तो बहुधा मोठ्या देवळाचे आणि त्यापुढील प्रचंड नंदीचे वर्णन करतो. त्याच देवळाच्या प्राकारातील भिंतीवर भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठी भाषेत कोरलेला आहे, हे मात्र त्याच्या गावीही नसते. त्या भिंतीजवळून तो जाऊन आलेला असतो. पण ती काय सांगते हे त्याने आधी जाणून घेतलेले नसते. उलट, ज्याने घरी बसून आठ दिवस तयारी केली, त्याला हे शहर तीन दिवसांत आणि बेताच्या पैशांत चांगले पाहता येते.

पहिला विचार ऋतूचा. आपल्याकडे दिवाळीपर्यंत पाऊस सरतो. तामिळनाडूच्या पूर्वेकडील भागात मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत निघालेल्याने छत्री बरोबर घ्यावी हे बरे. जानेवारीच्या मध्यास पोंगलचा सण येतो व गाड्या तुडुंब भरतात. तो उलटल्यावर, जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, हवा सुखद असते. मुंबईहून वा पुण्याहून आगगाडीने चेन्नईस जावे आणि तेथून रात्रीच्या गाडीने तंजावर गाठावे. शयनयान वर्गाचे तिकीट जितके लवकर काढावे तितके चांगले. रात्र गाडीत गेल्यामुळे खोलीचे एका रात्रीचे भाडेही वाचते. मोठे देऊळ स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि राजवाडाही देवळापासून फार लांब नाही. पायांवर भरवसा असलेल्या प्रवाशाला गावात वाहनाचा खर्च जवळजवळ नाहीच.

गरीब प्रवाशाची चिंता या राज्याने एके काळी वाहिली होती. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी भोसले राजांनी वाटेवर छत्रे, म्हणजे अन्नछत्रांसह धर्मशाळा, बांधल्या. ओरत्तनाड येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजी राजांनी उभारले. ती व्यवस्था आज उरलेली नाही. आजच्या प्रवाशाला साध्या खाणावळीत केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि ताक असे जेवण मिळते. सांबार हे नाव संभाजी राजांवरून पडले, असे तेथे कोणी सांगेल. गोष्ट गोड आहे, पण तिला भरवशाचा पुरावा नाही.

खाणावळीत पाऊल टाकताच भाषेचा प्रश्न उभा राहतो. तमिळ ही मराठीहून वेगळ्या कुळातील भाषा आहे. तरी मराठी माणसाची तिच्याशी तोंडओळख लवकर होते. ‘ळ’ हा वर्ण उत्तर भारतातील अनेकांना अवघड जातो, तो त्याच्या जिभेवर आधीच असतो. मराठीप्रमाणे तमिळमध्येही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. अण्णा आणि अक्का या हाका तर दोन्हीकडे सारख्याच आहेत. वयाने मोठ्या पुरुषास ‘अय्या’, स्त्रीस ‘अम्मा’ आणि लहान मुलास ‘तंबी’ म्हणावे. भेटताच ‘वणक्कम्’ म्हणजे नमस्कार. ‘एंगे’ म्हणजे कोठे, ‘एव्वळवु’ म्हणजे किती. ‘पेरिय कोयिल एंगे?’ एवढे विचारले की मोठ्या देवळाची वाट कोणीही दाखवील. पाणी हवे असल्यास ‘तण्णीर वेण्डुम्’, नको असल्यास ‘वेण्डाम्’. जेवताना सर्वांत उपयोगी शब्द ‘पोदुम्’, म्हणजे पुरे; तो वेळेवर न उच्चारणाऱ्याच्या पानावर भाताचा आणखी एक ढीग पडतो. आणखी एक खुबी ध्यानात ठेवावी. मराठीत ‘ये’ आणि ‘या’ यांत जो फरक आहे, तोच तमिळमध्ये ‘वा’ आणि ‘वांग’ यांत आहे. आदराचे रूप न वापरल्यास अनोळखी माणसाला ते खटकते. हे पंधरा-वीस शब्द छोट्या वहीत लिहून घ्यावेत व गाडीत मोठ्याने म्हणून पाहावेत.

मोठे देऊळ म्हणजे बृहदीश्वराचे मंदिर. चोळ सम्राट पहिला राजराज याने ते बांधविले व १०१० साली ते पूर्ण झाले. त्याचे शिखर ६० मीटरहून उंच असून सारे बांधकाम कठीण ग्रॅनाइट दगडाचे आहे. कावेरीच्या गाळाच्या सपाट प्रदेशात असा दगड सापडत नाही. तो दुरून आणावा लागला. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही अशी दंतकथा सांगतात. सकाळी वा सायंकाळी गेले की लांबच लांब सावली डोळ्यांनी दिसते. जाण्याच्या वेळाही त्याच उत्तम, कारण अनवाणी चालायचे असते आणि दुपारची फरशी पाय भाजते. चोळांनी देवळाच्या भिंतींवर दानांचे हिशेब कोरून ठेवले आहेत. देवापुढे नृत्य करणाऱ्या ४०० स्त्रियांची नावे आणि त्यांना दिलेली घरे यांचीही त्यांत नोंद आहे. देवळात प्रवेशासाठी पैसे पडत नाहीत.

राजवाड्यात दरबाराचे दालन, चोळकालीन कांस्यमूर्तींचे संग्रहालय आणि सरस्वती महाल ग्रंथालय आहे. घाई करायचीच तर ती इतरत्र करावी, येथे नको. सरफोजी राजांनी (राज्यकाळ १७९८ ते १८३२) हा ग्रंथसंग्रह फार वाढविला. काशीयात्रेस गेले असतानाही त्यांनी पोथ्या मिळविल्या. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते येथे हजारोंनी आहेत. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीस १८४३ साली रंगभूमीवर आले. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी तंजावरच्या शहाजी राजांच्या दरबारात मराठी नाटके लिहिली जात होती, हे येथील पोथ्यांवरून कळते. या पोथ्या सर्वांच्या हाती देत नाहीत. पण ग्रंथालयाच्या प्रदर्शनात निवडक वस्तू पाहावयास मिळतात.

शेवटचा प्रहर पुन्हा देवळासाठी राखावा. व्यंकोजी राजांनी सतराव्या शतकात येथे स्थापिलेले राज्य १८५५ साली कंपनी सरकारने खालसा केले. त्याआधी, १८०३ साली, सरफोजींनी आपल्या कुळाची कथा प्राकाराच्या भिंतीवर कोरविली. अक्षरे देवनागरी आहेत, भाषा जुनी आहे; हळूहळू वाचली तर पुष्कळ शब्द लागतात. भिंत सापडली नाही, तर ‘मराठी कल्वेट्टु एंगे?’ असे विचारावे. ‘कल्वेट्टु’ म्हणजे शिलालेख. या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घराणी अजून आहेत. त्यांच्या घरी तमिळ वळणाची मराठी बोलली जाते, त्यामुळे एखादे वेळी या प्रश्नाचे उत्तर मराठीतूनही मिळते.