फरक स्पष्ट करा, कारणे द्या : माहितीपर मजकुराची बांधणी आणि मुलांचे वाचन

महाराष्ट्रातल्या शाळेत दहा वर्षे काढलेल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारले, तरी प्रश्नपत्रिकेतली काही फर्माने तो धडाधड म्हणून दाखवील. फरक स्पष्ट करा. शास्त्रीय कारणे द्या. टिपा लिहा, कोणत्याही दोन. घटनाक्रम लावा. उपाय सुचवा. त्यातला 'फरक' तर हमखास गुणांचा. वहीच्या पानावर मधोमध पट्टीने रेघ मारायची, डावीकडे 'अ', उजवीकडे 'ब', आणि पाठ केलेले चार-पाच मुद्दे समोरासमोर उतरवायचे. गाईडात ती रेघ छापूनच येते.

ही पाच फर्माने आणि वाचनाच्या अभ्यासकांनी माहितीपर मजकुराच्या सांगितलेल्या पाच मुख्य बांधण्या, यांची जोडी जवळजवळ तंतोतंत जुळते. अमेरिकेतल्या बॉनी मेयर यांचे गद्याची मांडणी आणि स्मरण यांच्या संबंधावरचे पुस्तक १९७५ साली आले. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी यादी रूढ केली ती अशी : वर्णन, क्रम, तुलना, कारण आणि परिणाम, समस्या आणि उपाय. म्हणजे आपल्याकडच्या सातवीच्या मुलाला हे वर्गीकरण तोंडपाठ असते. फक्त त्याची गाठ धडा संपल्यावर, उत्तराचा साचा म्हणून पडते. धडा वाचताना 'हा लेखक फरक सांगतोय की कारण?' असे त्याला सहसा कोणी विचारत नाही.

मेयर यांच्या गटाने १९८० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात अजूनही पायाभूत मानला जातो. नववीच्या मुलांना उतारे वाचायला दिले. त्यातला एक अजस्र तेलवाहू जहाजांबद्दल होता : तेलगळती ही समस्या आणि ती रोखण्याचे उपाय. मुलांनी वाचून आठवेल ते लिहायचे, आठवड्याने पुन्हा लिहायचे. ज्यांनी लेखकाचीच बांधणी धरून लिहिले, त्यांना मजकूर जास्त आठवला आणि टिकलाही. अशी मुले मात्र निम्म्याहून कमी निघाली. वाचनात हुशार गणली गेलेली बहुतेक मुले बांधणी पकडत होती. मागे पडलेली बहुतेक मुले सुटी वाक्ये गोळा करत होती. जहाज मोठे असते, तेल सांडते, पक्षी मरतात, अशी यादी तयार होई. पण ही सगळी माहिती लेखकाने कशासाठी एकत्र आणली, हे त्यात कुठेच नसे.

आपल्याकडे ही जाण परकी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे शेवटचे, पंधरावे अधिकरण ग्रंथ कसा रचला आहे हेच सांगण्यासाठी आहे. त्यात ३२ तंत्रयुक्ती दिल्या आहेत आणि प्रत्येकीचे उदाहरण कौटिल्य त्याच ग्रंथातून देतो. थोडक्यात सांगणे म्हणजे उद्देश, विस्ताराने सांगणे म्हणजे निर्देश, अशी ती नावे. सुश्रुतसंहितेतही ३२ युक्ती आहेत, चरकसंहितेत ३६. वैद्याने ग्रंथ वाचायचा तर त्याची घडण ओळखता आली पाहिजे, असा तो रोख. मीमांसकांनी ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी उपक्रम-उपसंहारापासून उपपत्तीपर्यंत सहा खुणा सांगितल्या. टिळकांनी 'गीतारहस्या'च्या पहिल्याच प्रकरणात ही कसोटी हाती घेतली. ग्रंथ कुठून सुरू होतो, कुठे संपतो, कशाचा पुन्हा पुन्हा उल्लेख करतो हे पाहा, असे सांगणारी ही शिकवण शाळेच्या वाचनतासात का उतरली नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बहुधा ती पंडितांपुरतीच ठेवली गेली.

मुलांना हे अवघड का जाते, याचे सोपे उत्तर म्हणजे त्यांचे कान गोष्टीला सरावलेले असतात. गोष्टीची बांधणी कोणी शिकवावी लागत नाही. आजीने शंभर वेळा सांगितलेली असते : कोणीतरी असतो, त्याच्यावर काही प्रसंग येतो, मग त्यातून सुटका होते. माहितीपर मजकूर असा कानावर पडत नाही. नेल ड्यूक यांनी अमेरिकेतल्या पहिलीच्या २० वर्गांत बसून मोजदाद केली. माहितीपर मजकुराशी मुलांचा वर्गात येणारा संबंध दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे भरला, आणि गरीब वस्त्यांतल्या वर्गांत त्याहूनही कमी. २००० साली हा लेख आला तेव्हा त्या आकड्याने तिथल्या शिक्षणवर्तुळात बरीच खळबळ उडवली. आपल्याकडे 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीत मुलाच्या वाचनाची पातळी ठरते ती अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट या पायऱ्यांनी. मोजमापाच्या शिडीची वरची पायरीसुद्धा गोष्टच आहे.

पायाभूत पाहणीत तसे असणे समजण्याजोगे आहे. निपुण भारत अभियानानेही २०२१ साली लक्ष ठेवले ते तिसरीपर्यंतच्या मुलांवर. पण खरी कसोटी तिथून पुढे लागते. जीन चॉल या संशोधिकेने १९८०च्या दशकात दाखवून दिले होते, की वाचायला शिकण्याचा टप्पा ओलांडून वाचून शिकण्याचा टप्पा साधारण चौथीत येतो आणि गरीब घरांतली मुले नेमकी तिथे घसरू लागतात. महाराष्ट्रातल्या मुलाला चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास मिळतो, तो कथेच्या अंगाने. अफजलखान, आग्र्याहून सुटका. मूल त्यात रमते. नंतर भूगोलात मतलई वारे आणि पर्जन्यछाया येते, विज्ञानात अन्नसाखळी येते. तिथे नायक नाही, प्रसंग नाही. हेच मूल तो धडा चौथ्यांदा वाचते आणि पाठ करायला घेते.

लहान मुलांना हे शिकवता येते का, याची चाचणी न्यूयॉर्कमध्ये जोआना विल्यम्स यांनी घेतली. त्यांनी थेट दुसरीचे वर्ग निवडले आणि एकच बांधणी हाती घेतली : तुलना. विषय पृष्ठवंशी प्राण्यांचे पाच गट. दोन्ही, पण, मात्र, यापेक्षा अशा अर्थाच्या खुणेच्या शब्दांपासून सुरुवात, मग छोटे, मुद्दाम नीट बांधलेले परिच्छेद, मग तक्ता, ठरावीक प्रश्न, आणि शेवटी मुलाने स्वतः लिहिलेला सारांश. दुसऱ्या एका गटाला हेच प्राणी शिकवले, पण बांधणीबद्दल चकार शब्द काढला नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन गोष्टी ठळक होत्या. बांधणी शिकलेली मुले न शिकवलेल्या प्राण्यांवरचे तुलनेचे परिच्छेदही चांगले समजून घेत होती, आणि बांधणीवर वेळ खर्च करूनही प्राण्यांबद्दलची त्यांची माहिती दुसऱ्या गटापेक्षा कमी पडली नव्हती. अर्थात तुलना शिकलेल्या मुलाला आपोआप कारण-परिणामही उमगतो, असे काही दिसले नाही. प्रत्येक बांधणी वेगळी शिकवावी लागते.

हाच धडा मराठीत कसा उतरेल? खार आणि शेकरू घ्या. दोघे दिवसा हिंडतात, दोघांना झुपकेदार शेपटी. खार अंगणातल्या पेरूवर दिसते, जमिनीवरही धावते. शेकरू भीमाशंकरसारख्या दाट जंगलात उंच झाडांच्या शेंड्यांवरून फिरते, क्वचितच खाली उतरते आणि शेपटी धरून सुमारे मीटरभर भरते. मुलांना दोन रकाने आखायला सांगितले की ती 'खार लहान असते' याच्यासमोर 'शेकरू जंगलात राहते' असे बिनदिक्कत लिहितात. दोन्ही विधाने खरी आहेत, पण फरक कुठेच सांगितलेला नाही. इथे तिसरा रकाना लागतो, सगळ्यात डावीकडचा : मुद्दा. आकार. राहण्याची जागा. जमिनीवर येणे. तो रकाना भरताना मुलाला कळते, की तुलना करायची तर दोघांना एकच प्रश्न विचारावा लागतो. या एका रकान्यासाठी अख्खा तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. आणि त्या तासाच्या शेवटी फक्त शेकरूवरचा एक परिच्छेद देऊन विचारावे, की यावर 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न काढता येईल का. येणार नाही, हे मुलांनी सांगितले पाहिजे आणि का येणार नाही हेही.

अमेरिकेत २०१० नंतर हा विषय बाजारात आला. तिथल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या सामाईक मानकांत चौथीच्या मुलाने मजकुराची बांधणी सांगावी आणि पाचवीच्याने दोन मजकुरांच्या बांधण्यांची तुलना करावी, अशी अपेक्षा लिहिली गेली. लगोलग भिंतीवरचे तक्ते, रंगीत कार्डे, स्वाध्यायपत्रिका यांचा पूर आला. परिच्छेद वाचा, पाचांतल्या एका नावाला गोल करा. ही ओळखपरेड म्हणजे आपल्या 'समास ओळखा'चीच मावसबहीण. 'कारण-परिणाम' या शब्दांवर बरोबर गोल करणाऱ्या मुलाला त्यातले कारण कोणते आणि परिणाम कोणता हे विचारले, तर ते गप्प बसू शकते. नाव ओळखण्याला किंमत आहे, पण ती सारांश लिहिताना किंवा प्रश्न विचारताना त्या नावाचा उपयोग झाला तरच.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी हे दुसऱ्या टोकाकडून, लेखनाकडून, सुरू केले होते. भाषावैज्ञानिक मायकेल हॅलिडे १९७६ साली सिडनीला आले. त्यांच्या प्रभावातल्या जिम मार्टिन आणि जोन रॉदरी यांनी १९८०च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या मुलांचे लेखन तपासले, तेव्हा बहुतेक वह्यांत 'आम्ही सहलीला गेलो, मग डबा खाल्ला, मग घरी आलो' याच जातीचा मजकूर सापडला. अहवाल, स्पष्टीकरण, युक्तिवाद हे प्रकार मुलांच्या वाट्याला येतच नव्हते. आणि पुढच्या शिक्षणात, नोकरीत चलती त्याच प्रकारांची. मग वंचित भागांतल्या शाळांत त्यांनी एक फेरा बसवला : आधी नमुना उलगडून पाहायचा, मग शिक्षक आणि वर्ग मिळून फळ्यावर तसाच मजकूर लिहायचा, मग ज्याने त्याने. मधली पायरी महत्त्वाची. फळ्यावर शिक्षकाच्या हातून वाक्य खोडले जाते, कारण पुढे जाते, परिणाम मागे येतो, हे मूल डोळ्यांनी पाहते.

इंग्लंडमध्ये १९९०च्या दशकात डेव्हिड रे आणि मॉरीन लुईस यांनी लेखनाच्या चौकटी तयार केल्या. वाक्यांची सुरुवात दिलेली, पुढचे मुलाने भरायचे. हे चांगलेच साधन. पण मराठी शाळेत ते जपून वापरावे लागेल. आपल्याकडे तयार प्रस्तावना आणि तयार शेवट यांच्यामध्ये कोणताही विषय बसवणाऱ्या निबंधांची परंपरा दांडगी आहे. चौकट दोनदा वापरून काढून घेतली नाही, तर तिचेही गाईड होईल.

एवढे करूनही एक अडचण उरते, आणि तिचा दोष मुलाकडे जात नाही. कित्येक धड्यांना बांधणीच नसते. इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिओन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातले काही उतारे घेऊन त्यांत फक्त सुटलेले दुवे भरले : हे का घडले, त्याचा आधीच्या घटनेशी संबंध काय. १९९१ साली त्यांनी दाखवले, की दुवे भरलेला मजकूर वाचलेल्या चौथी-पाचवीच्या मुलांना तोच इतिहास अधिक चांगला समजला.

आपल्या भूगोलात याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. समजा, एका परिच्छेदात लिहिले : 'सह्याद्री ही महाराष्ट्रातील प्रमुख पर्वतरांग आहे. महाबळेश्वर येथे भरपूर पाऊस पडतो. माण तालुका अवर्षणप्रवण आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येतात.' चारही वाक्ये बिनचूक, आणि मुलाच्या हाती काही लागत नाही. आता हे बांधून पाहू : अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, त्यामुळे ते वर चढतात, वर गेल्यावर हवा थंड होते, म्हणून बाष्पाचे ढग होऊन पाऊस घाटमाथ्यावरच पडतो, पलीकडे उतरणाऱ्या वाऱ्यांत बाष्प फारसे उरत नाही, परिणामी तिकडचा प्रदेश कोरडा राहतो. मग साताऱ्यासारख्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक आणि तिथून शंभरएक किलोमीटरवरच्या, माण तालुक्यातल्या दहिवडीला त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पाऊस का, हे मुलाला बाणांनी काढून दाखवता येते. पाच बाण पुरतात.

'त्यामुळे', 'म्हणून', 'परिणामी' अशा या खुणेच्या शब्दांकडे मराठीच्या तासाला अव्यये म्हणून पाहिले जाते, भूगोलाच्या तासाला पाहिलेच जात नाही. व्याकरणात 'म्हणून' परिणामबोधक, 'कारण' कारणबोधक, 'परंतु' न्यूनत्वबोधक. मुलांना ही नावे पाठ असतात. मराठी शिक्षकाने तोच तक्ता विज्ञानाच्या पुस्तकावर वापरला, तर नवीन साहित्याचा खर्च शून्य. जेव्हा-तेव्हा, जसजसे-तसतसे, जरी-तरी या जोड्यांत तर पहिला शब्द येताच पुढचा कोणत्या दिशेने येणार हे कळते. मुलाला जोडीच्या पहिल्या शब्दाशी थांबवून पुढचा अंदाज करायला लावणे हा पाच मिनिटांचा खेळ आहे.

खरा मजकूर मात्र पाचांपैकी एका कप्प्यात शहाण्यासारखा बसत नाही. १९७२च्या दुष्काळावरचा पानभर मजकूर घ्या. पाऊस हुकला, पिके गेली, माणसे कामाच्या शोधात निघाली, सरकारने खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव अशी कामे काढली, वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली रोजगाराच्या हमीची कल्पना पुढे आली. १९७७ साली कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. यात क्रम आहे, कारणे आहेत, समस्या आणि उपायही आहे. वर्गात दोन तट पडतील, आणि ते पडू द्यावेत. मग शिक्षकाने तोच मजकूर दोन मथळे देऊन फळ्यावर लिहावा : एकदा 'बहात्तरचा दुष्काळ' आणि एकदा 'रोजगार हमीचा कायदा कसा आला'. दोन्हींचा सारांश चार ओळींत लिहायला सांगावा. पहिल्या मथळ्याखाली पागे यांचे नाव गाळले तरी चालते. दुसऱ्याखाली ते ठेवावेच लागते, आणि तिथे पिकांची ओळ आखडती घ्यावी लागते.