घटनेच्या समासात जयपूर

जयपूरला गेलेला मराठी माणूस हवामहल बघतो, आमेरच्या किल्ल्यावर चढतो आणि परतताना निळ्या नक्षीची एखादी फुलदाणी कपड्यांत गुंडाळून आणतो. घरी ती चिनीमातीची म्हणून मिरवते. खरं तर तिच्यात चिनीमाती नसते, पण ते पुढे बघू. मरायला टेकलेली ही कला ज्यांनी पुन्हा उभी केली, त्या कृपालसिंह शेखावतांचा कुंचला भारताच्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखित प्रतीवरही फिरला आहे. दुकानदार हे सांगत नाहीत, आणि आपणही विचारत नाही.

घटनेच्या मजकुराची कथा आपल्याला तोंडपाठ आहे. 9 डिसेंबर 1946ला घटना समितीची पहिली बैठक, 29 ऑगस्ट 1947ला मसुदा समिती, बाबासाहेब तिचे अध्यक्ष, आणि 26 नोव्हेंबर 1949ला 395 कलमं नि 8 परिशिष्टांची घटना मंजूर. या कथेत जयपूर येतं ते संस्थान म्हणून. समितीच्या 389 जागांपैकी 93 संस्थानांसाठी ठेवल्या होत्या, आणि सुरुवातीला त्या सगळ्या रिकाम्या होत्या. राजेलोक कुंपणावर बसून वारा कुठून वाहतो ते बघत होते. 28 एप्रिल 1947ला बडोदा, बिकानेर, जोधपूर, पतियाळा अशा मोजक्या संस्थानांचे प्रतिनिधी सभागृहात येऊन बसले. त्यांत जयपूरचे दिवाण व्ही. टी. कृष्णमाचारी होते. (मसुदा समितीतले टी. टी. कृष्णमाचारी वेगळे, दोघांची गल्लत अजून होते.) हे व्ही. टी. आपल्याला अगदीच परके नाहीत. 1927 ते 1944 ते बडोद्याचे दिवाण होते, म्हणजे सयाजीराव महाराजांच्या शेवटच्या वर्षांचा कारभार त्यांच्याच हाताखालून गेला. जुलै 1947मध्ये ते घटना समितीचे उपाध्यक्ष झाले. प्रजेच्या बाजूनं प्रजामंडळाचे हिरालाल शास्त्री होते, आणि शेखावाटीतल्या खेतडीचे सरदारसिंहही होते.

30 मार्च 1949ला सरदार पटेलांनी जयपुरातच बृहद् राजस्थानचं उद्घाटन केलं आणि संस्थान संपलं. महाराजा सवाई मानसिंह ‘राजप्रमुख’ झाले. घटनेत राजस्थान ‘ब’ वर्गातलं राज्य होतं आणि अशा राज्यांना राज्यपालाऐवजी राजप्रमुख होता. 1956च्या सातव्या घटनादुरुस्तीनं वर्गही गेले आणि राजप्रमुखही गेले. मजकुरातलं जयपूर असं सात वर्षांच्या आत पुसलं गेलं. समासातलं मात्र राहिलं, कारण ते रंगात होतं.

घटना सरळ छापून घेता आली असती. पण मूळ प्रत हातानं लिहायची आणि चित्रांनी सजवायची असं ठरलं. इंग्रजी प्रत दिल्लीच्या प्रेमबिहारी नारायण रायजादांनी लिहिली. लिहिण्याचा हात त्यांना आजोबांकडून मिळाला होता. त्यांनी मानधन घेतलं नाही. मागितलं ते एवढंच, की प्रत्येक पानावर माझं नाव असेल आणि शेवटच्या पानावर माझ्याबरोबर आजोबांचंही. हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्यांनी लिहिली, आणि तिचा कागद पुण्याच्या हातकागद संशोधन केंद्रातला. 24 जानेवारी 1950ला सदस्यांनी सह्या केल्या.

चित्रांचं काम शांतिनिकेतनच्या कलाभवनाकडे गेलं. नंदलाल बोस तिथले प्रमुख. त्यांनी मुली, मुलगा, सून, सहकारी, विद्यार्थी अशा सगळ्यांना कामाला लावलं. राजमुद्रेतले सिंह दीनानाथ भार्गवांकडे आले. सिंह सिंहासारखेच दिसले पाहिजेत म्हणून नंदलालांनी त्यांना कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात धाडलं. उद्देशपत्रिकेचं पान जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांनी सजवलं. कोल्हापूरचे विनायक शिवराम मासोजीही या चमूत होते. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल, शंका आहे. आणि सीकर जिल्ह्यातल्या मऊ गावचे, 1922 साली जन्मलेले, तरुण कृपालसिंह.

घटनेचे भाग 22, चित्रंही 22. चित्रांचा क्रम इतिहासाचा आहे आणि मजकुराचा क्रम कायद्याचा, त्यामुळे मोठ्या गमतीच्या जोड्या जमल्या आहेत. पहिल्या भागावर मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा वशिंडाचा बैल. मूलभूत हक्कांवर लंकेहून परतणारे राम, सीता, लक्ष्मण. निवडणुकांच्या पंधराव्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग. मतं मागायला दारोदार जायची वेळ या दोघांवर कधी आली नव्हती. एकविसावा भाग ‘तात्पुरत्या आणि संक्रमणकालीन’ तरतुदींचा. त्याच्या माथ्यावर वाळवंटातून चाललेला उंटांचा तांडा. ही जोडी मला सगळ्यांत नेमकी वाटते, मग ती ठरवून केलेली असो वा नसो.

शांतिनिकेतननंतर शेखावत जपानला जाऊन शिकून आले. दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजींच्या आयुष्यावरची भित्तिचित्रं त्यांनी केली. मग ते जयपूरला स्थिरावले, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय नि राजमाता गायत्रीदेवींच्या पाठबळावर निळ्या भांड्यांच्या मागे लागले. ही कला एकोणिसाव्या शतकात सवाई रामसिंहांनी जयपुरात रुजवली होती. किशनपोल बाजारात त्यांनी काढलेल्या कलाशाळेत ती शिकवली जाई. विसाव्या शतकाच्या मध्याला तिचं ज्ञान बोटावर मोजण्याइतक्या माणसांपुरतं उरलं होतं.

हे भांडं होतं कसं? मुख्य जिन्नस गारेच्या दगडाची पूड. तिच्यात कुटलेली काच, मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक घालून कणकेसारखा गोळा मळतात, लाटतात आणि साच्यात बसवतात. या लगद्याला मातीचा चिवटपणा नसतो, म्हणून नुसतं चाकावर भांडं उभं राहत नाही. चाक लागतं ते गळा नि बूड जोडताना. सुकलं की घासून गुळगुळीत करायचं, वर पांढरा थर द्यायचा आणि मग बारीक कुंचल्यानं नक्षी. रंगवताना कोबाल्टची रेघ काळपट, मळकी दिसते. निळाई येते ती भट्टीत, काचेचा लेप वितळल्यावर. भाजणं एकदाच, साधारण 800 अंशांच्या वर. मग भट्टी दोन-तीन दिवस आपोआप निवू द्यायची. घाई केली की तडा, आणि तडकलेलं भांडं पुन्हा मळून वापरता येत नाही. जिथं रेघ पडेल तिथंच ती राहते.

शेखावतांनी पारंपरिक वेलबुट्टीत माणसं, प्राणी, लघुचित्रांतले प्रसंग आणले, निळ्याच्या जोडीला इतर रंग आणले. सवाई रामसिंह शिल्प कला मंदिराचे ते संचालक झाले. बनीपार्कमधली त्यांची ‘कृपाल कुंभ’ ही कार्यशाळा गावाला ठाऊक झाली. 1974 साली पद्मश्री मिळाली. 2008मध्ये ते गेले. आज जयपूरच्या बाजारात निळ्या भांड्यांचे ढीग दिसतात, त्यांतलं बरंच काम घाईचं आहे, पण ढीग आहेत ही करणी या माणसाची आणि त्यांच्या शिष्यांची.

घटनेच्या मूळ प्रती संसदेच्या ग्रंथालयात नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत आहेत. डेहराडूनच्या भारतीय सर्वेक्षण विभागानं त्या प्रतीवरून एक हजार सचित्र प्रती छापल्या होत्या. वकिलाच्या टेबलावर किंवा शाळेच्या कपाटात असते ती घटना बिनचित्रांची असते. सचित्र प्रतीची छायाचित्रं आता इंटरनेटवर फुकट बघायला मिळतात. येत्या 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर उद्देशपत्रिकेचं सामूहिक वाचन होईलच. त्या दिवशी शिक्षकांनी मुलांना ती बावीस पानंही दाखवावीत, आणि ती काढणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहावीत. मासोजी आणि शेखावत ही दोन नावं तरी नक्कीच.