'आर' संगणकभाषेतील पॅकेजची अंतर्गत नावे व त्यांचे गोपन : एक विवेचन

प्रस्तावना :

सांख्यिकीच्या अध्यापनात व संशोधनात 'आर' ही संगणकभाषा आता चांगलीच रुळली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी घडवलेली ही भाषा विनामूल्य उपलब्ध असून तिचे खरे सामर्थ्य जगभरच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या पॅकेजांमध्ये आहे. पॅकेज म्हणजे एका विषयाशी निगडित फंक्शने, विदासंच व मदतपृष्ठे यांचा संच होय. पॅकेज वापरणाऱ्यापुढे त्यातील कोणती नावे यावीत आणि कोणती येऊ नयेत, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तो तसा का नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एक अनुभव :

पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकांसाठी मी एक छोटे पॅकेज तयार केले होते. विद्यार्थ्यांनी वापरावीत अशी फंक्शने त्यात चारच होती. उरलेली डझनभर फंक्शने त्या चारांच्या पोटात चालणारी होती. पॅकेजचा सांगाडा 'पॅकेज डॉट स्केलेटन' या आज्ञेने उभा केला. ही आज्ञा 'नेमस्पेस' नावाच्या फाइलमध्ये एक ओळ आपणहून लिहून ठेवते. ज्या नावाचा आरंभ अक्षराने होतो असे प्रत्येक नाव वापरकर्त्यास खुले, असा त्या ओळीचा अर्थ. मी ती ओळ तशीच राहू दिली.

एका विद्यार्थिनीला नावांच्या यादीत विदा स्वच्छ करणारे एक अंतर्गत फंक्शन आढळले व तिने ते आपल्या प्रबंधात वापरले. पुढील सत्रात मी त्या फंक्शनमध्ये बदल केला. गहाळ निरीक्षणे पूर्वी वगळली जात. त्याऐवजी त्या जागी मध्यक भरला जाऊ लागला. माझी चारही फंक्शने या बदलानुसार मी सुधारून घेतली होती. तिने मात्र मौखिक परीक्षेच्या आदल्या दिवशी कोष्टके पुन्हा काढली, तेव्हा ती वेगळी आली. त्रुटीचा संदेश कोठेही नव्हता; केवळ आकडे बदलले होते. दोष तिचा नव्हता. जे नाव खुले आहे त्याचा अर्थ कायम राहील, असे तिने गृहीत धरले होते आणि ते गृहीतक रास्तच होते.

नावाचा शोध :

वापरकर्ता एखादे नाव लिहितो तेव्हा आर प्रथम त्याच्या स्वतःच्या कार्यक्षेत्रात पाहते. तेथे ते न आढळल्यास जोडलेल्या पॅकेजांच्या रांगेत, शेवटी जोडलेले प्रथम या क्रमाने, शोध घेतला जातो. रांगेत पुढे असलेले नाव मागील समान नावास झाकते. 'डीप्लायर' हे पॅकेज जोडताच 'स्टॅट्स' पॅकेजमधील 'फिल्टर' व 'लॅग' ही फंक्शने झाकली गेल्याची सूचना पडद्यावर येते, ती अनेक वाचकांनी पाहिली असेल. ही झाली मुद्दाम खुल्या केलेल्या नावांची गोष्ट. प्रत्येक पॅकेजने आपल्या पोटातील नावेही रांगेत आणून उभी केली, तर किती गोंधळ माजेल याची कल्पना करता येते.

पूर्वी पॅकेजमधील फंक्शनेही आपल्याला लागणारी नावे याच मार्गाने शोधत. त्यामुळे विद्यार्थ्याने 'मीन' नावाचे स्वतःचे फंक्शन लिहिले, तर पॅकेज मूळ 'मीन'ऐवजी तेच उचलण्याचा धोका असे. नाव दडवण्यासाठी लेखकापाशी एक संकेत होता : नावाचा आरंभ बिंदूने करणे. 'एलएस' ही आज्ञा एरवी अशी नावे यादीत दाखवत नाही. परंतु हा केवळ पडदा होता. नाव रांगेत असायचेच आणि इतरांस झाकायचेही.

2003 साली आरच्या 1.7.0 या आवृत्तीत नेमस्पेसची व्यवस्था आली. ल्यूक टिअर्नी यांनी त्याच वर्षी 'आर न्यूज'मध्ये तिची मांडणी केली. या व्यवस्थेत पॅकेजमधील फंक्शन प्रथम आपल्याच पॅकेजमध्ये, नंतर आयात केलेल्या नावांत, त्यानंतर आरच्या मूळ गाभ्यात पाहते. वापरकर्त्याचे कार्यक्षेत्र व रांग यांची पाळी त्यानंतर येते. रांगेत मात्र निर्यात केलेली नावेच उभी राहतात. अंतर्गत नाव बाहेर दिसू नये आणि बाहेरच्या नावाने आत ढवळाढवळ करू नये, ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच यंत्रणेकडे आली. 2011 मधील 2.14.0 या आवृत्तीपासून प्रत्येक पॅकेजला नेमस्पेस असणे अनिवार्य झाले.

गोपन म्हणजे कुलूप नव्हे :

पॅकेजच्या नावापुढे दुहेरी अपूर्णविराम (::) दिल्यास निर्यात केलेलीच नावे मिळतात. तिहेरी (:::) दिल्यास अंतर्गत नावेही मिळतात. येथे अध्यापकाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. 'टी-टेस्ट'चे गणित आत कसे चालते हे पाहावे म्हणून विद्यार्थी 'टी डॉट टेस्ट' असे लिहितो, तेव्हा त्याच्या पदरी जेमतेम एका ओळीचे फंक्शन पडते. खरे काम करणारे 'टी डॉट टेस्ट डॉट डिफॉल्ट' हे स्टॅट्स पॅकेजच्या आत आहे व ते निर्यात केलेले नाही. 'मेथड्स' ही आज्ञा अशा नावांपुढे तारांकन दाखवते आणि 'गेट एनीव्हेअर' ही आज्ञा त्यांचा संपूर्ण मजकूर पुढे ठेवते. म्हणजे वाचण्यास आडकाठी नाही. त्यावर आपला प्रोग्रॅम उभारू नये, एवढेच अपेक्षित आहे. पॅकेजांचे मध्यवर्ती भांडार असलेल्या क्रॅननेही मूळ पॅकेजांतील अंतर्गत नावे तिहेरी अपूर्णविरामाने वापरण्यास आपल्या धोरणात मनाई केली आहे.

मदतपृष्ठांचा प्रश्न किंचित वेगळा आहे. निर्यात केलेल्या प्रत्येक नावास मदतपृष्ठ असावे, असा आरच्या तपासणीचा आग्रह असतो. एखादे नाव तांत्रिक कारणास्तव खुले ठेवावे लागले, तर त्याच्या पृष्ठास 'इंटर्नल' हा शब्द जोडता येतो. मग ते पृष्ठ अनुक्रमणिकेत येत नाही. नाव देऊन मागितल्यास मात्र उघडते. हा बिंदूसारखाच पडदा आहे आणि त्याच्यावर अधिक भिस्त ठेवू नये, असे माझे मत आहे.

माझ्या पॅकेजच्या नेमस्पेस फाइलमधील ती ओळ मी काढून टाकली आणि चार नावे एकेक करून लिहिली. विदा स्वच्छ करणाऱ्या फंक्शनची विद्यार्थ्यांस खरोखरच गरज होती, हे यानिमित्ताने लक्षात आले. म्हणून त्याचे पाचवे फंक्शन केले, त्यास नवे नाव व मदतपृष्ठ दिले आणि गहाळ निरीक्षणांचे काय करावे हे वापरणाऱ्यानेच सांगावे, अशी अट घातली. त्या विद्यार्थिनीचा जुना प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर चालवला असता तो आता वेगळे आकडे देत नाही. फंक्शन सापडत नाही असे सांगून तेथेच थांबतो.