पेरणे, टोबणे, लावणे

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार व त्याभोवतीच्या सिंदफणेच्या खोऱ्यात बाजरी तिफणीने ‘पेरतात’, सरकी ‘टोबतात’ किंवा ‘लावतात’, आणि कांद्याचे रोपही ‘लावतात’. म्हणजे ‘लावणे’ या क्रियापदास बी व रोप ही दोन्ही कर्मे चालतात. बोलण्यात यामुळे काही अडत नाही. पीक कोणते हे ऐकणाऱ्यास ठाऊक असते. लेखनात मात्र अडते. ‘टोमॅटोची लागवड ६० बाय ४५ सेंटिमीटर अंतरावर करावी’ असे वाक्य वाचणाऱ्या नवख्यास तेथे बी अभिप्रेत आहे की रोप, हे कळण्यास मार्ग नसतो. वस्तुतः अभिप्रेत असते ते गादीवाफ्यावर वाढविलेले सुमारे चार आठवड्यांचे रोप. त्या अंतरावर एकेक बी टाकणाऱ्याच्या पदरी बहुधा नांगेच येतात.

तथापि टोमॅटो टोबता येतच नाही, असे नव्हे. उकिरड्याच्या कडेस टाकलेल्या फळातून उगवलेली झाडे हा त्याचा रोजचा पुरावा होय. या झाडास मुळात सोटमूळ असते. जागच्या जागी उगवलेल्या झाडाचे ते अखंड राहून खोल जाते. उपटून लावलेल्या रोपाचे बहुधा तुटते आणि वरच्या थरात तंतुमुळांचा झुपका माजतो. अवर्षणप्रवण मुलखात हा भेद उपेक्षणीय नाही.

परसात टोबावयाचे झाल्यास पावसाचा जोर ओसरू द्यावा. झडीत कोवळी रोपे कोलमडतात. एका जागी चार-पाच बिया सुमारे एक सेंटिमीटर खोल टाकून वर चाळलेले शेणखत पसरावे, कारण काळी माती वाळताना पापडी धरते आणि कोंब अडतो. ५ ते १० दिवसांत उगवण होते. खरी पाने फुटल्यावर एकच जोमदार रोप ठेवून बाकीची उपटण्याऐवजी खुडावीत. उपटताना शेजारच्याचे मूळ हलते.

मग ही रीत मागे का पडली? एका जागी पाच बिया टाकणे घरच्या बियाण्यासच परवडते. संकरित बी महाग; शिवाय त्याच्या फळांतून धरलेले बी मूळ वाणासारखे उतरत नाही, म्हणून ते दरवर्षी विकतच घ्यावे लागते. दुसरे कारण पांढऱ्या माशीचे. पाने आक्रसविणारा विषाणू ती पसरविते. वाफ्यावर जाळी घालून कोवळी रोपे वाचविता येतात, विखुरलेल्या टोबणीवर ते अवघड.

राहिलेल्या नांग्यांत जादा रोपे मातीच्या गोळ्यासह बसविली, की एकाच ओळीत ‘टोबलेली’ व ‘लावलेली’ झाडे शेजारी उभी राहतात. पाण्याची एखादी पाळी चुकली, की भर उन्हात आधी माना टाकतात ती बहुधा लावलेली.