प्लगिन बनवतो म्हणजे नक्की काय करतो?

अशोका गार्डनमध्ये दिवसभर घरी दिसणाऱ्या तिशीतल्या माणसाबद्दल शेजारी दोनच अंदाज बांधतात: एक तर याची नोकरी गेली, नाहीतर हा शेअर बाजारात खेळतो. माझ्याबद्दल दोन्ही बांधून झाले. मंडळाच्या कोजागिरीला एका काकूंनी सरळच विचारलं, "अरे, बीई झालास ना? मग करतोस काय नक्की?" मी म्हटलं, "ऑडिओ प्लगिन बनवतो." काकूंनी सहानुभूतीने माझ्या पेल्यात आणखी थोडं दूध ओतलं. त्यांचा नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि गिटार वाजवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

घरातला चकलीचा सोऱ्या आठवा. सोऱ्या एकच, आतली चकती बदलली की कधी शेव, कधी चकली. गाणं रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर म्हणजे सोऱ्या आणि प्लगिन म्हणजे चकती. कुणी आवाजाला मोठ्या सभागृहाचा घुमारा देतं, कुणी खरखर काढतं, कुणी नसलेलं वाद्य वाजवतं. जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये व्हीएसटी नावाचं मानक आणलं आणि बाहेरच्या कुणालाही चकत्या बनवायची मुभा दिली. हा धंदा खऱ्या अर्थाने तिथून फोफावला. बेसूर आवाज सुरात आणणारं ऑटोट्यून १९९७ चं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी जमिनीखालचं तेल शोधण्यासाठी कंपनांची आकडेमोड करत. 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' हा विषय फक्त पास होण्यासाठी असतो असं वाटणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

काम सी प्लस प्लसमध्ये चालतं. 'ज्यूस' नावाचा तयार सांगाडा बहुतेक जण वापरतात, मीही. खरी अडचण वेळेची. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने धरले आणि १२८ चा एक घास केला, तर एका घासासाठी जेमतेम २.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हिशोब झाला नाही की गायकाच्या कानात 'टक्' वाजतं. म्हणून त्या भागात नवी मेमरी मागायची नाही, फाइल उघडायची नाही, कुणाची वाट पाहायची नाही. पंगतीत वाढायला उभं राहिल्यावर गिरणीत दळण आणायला जात नाहीत, तसंच. कंपनीत मी सहा वर्षं बँकांची सॉफ्टवेअरं लिहिली. तिथे दोन सेकंद उशीर झाला तर पडद्यावर चक्र फिरायचं आणि सगळे ते चालवून घ्यायचे.

या वाटेला मी लागलो तो बाबांच्या पेटीमुळे. पेटीचा गंधार आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार एक नसतात हे ते लहानपणापासून सांगत. गणित सोपं आहे. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर नैसर्गिक शुद्ध गंधार ३०० वर येतो आणि पेटीचा ३०२.४ वर. हा फरक कान पकडतो. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला बसवून असे स्वर मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. पुढे क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाबरोबर श्रुतींची पेटीही झाली. ती घरोघरी पोचली नाही. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली. डेप्युटी कलेक्टर, न्यायाधीश, डॉक्टर! या नादाला लागलेल्यांत इंजिनिअर आला तर मला तरी नवल वाटत नाही.

मी तंबोऱ्याचं प्लगिन करायला घेतलं. नुसती तार छेडल्याचा आवाज गणिताने काढणं अवघड नाही. कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांनी त्याची युक्ती १९८३ मध्येच छापली होती. पण त्यातून गिटार निघते, तंबोरा नाही. सगळी मेख जवारीत. घोडीचा गोलसर पृष्ठभाग आणि तारेखाली सरकवलेला सुती दोरा यांमुळे तार घोडीला टेकत-सुटत राहते आणि, जिथे छेडली त्या जागेच्या हिशोबाने जे वरचे स्वर गायब असायला हवेत, तेसुद्धा ऐकू येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं आहे. मिरजेचा कारागीर हे घोडी घासत घासत साधतो. मला त्यासाठी आठ महिने लागले. तुलनेसाठी खऱ्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग रात्री तीनला करायचो. मे महिन्यात पंखा बंद, खिडक्या बंद, आणि खर्ज नीट लागला की नेमकी भोपाळ स्टेशनात शिरणारी गाडी भोंगा द्यायची.

आता पैशाचं. बाबा भेलमधून निवृत्त झालेले. त्यांचा एकच प्रश्न होता, "पगार किती तारखेला येणार?" उत्तर नव्हतंच. घराचा हप्ता चालू, मुलगी बालवाडीत. म्हणून दोन वर्षं नोकरी सांभाळून रात्री कामं केली, चौदा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आणि बायकोने हिशोबाची वही स्वतः तपासली. मगच राजीनामा दिला. हप्ता तिच्या पगारातून जायचा, असं त्या वहीत ठरलं. ती ठाम नसती तर मी अजून बँकांचीच सॉफ्टवेअरं लिहीत असतो.

स्वतःच्या प्लगिनवर घर चालतं असं कुणी समजू नये. तंबोऱ्याच्या विक्रीतून विजेचं बिल निघतं, उन्हाळ्यात तेही नाही. पण तोच तंबोरा पाहून बाहेरची कामं येतात. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी २ चे नवे परवाने देणं थांबवलं आणि २०२० मध्ये ॲपलने चिप बदलली. त्यामुळे जुनी प्लगिनं नव्या घरात हलवण्याचं पुष्कळ काम निघालं. कंटाळवाणं, पण नियमित. युरोपातल्या एका ग्राहकाने काम पूर्ण झाल्यावर उत्तर देणंच बंद केलं. तेव्हापासून एक तृतीयांश रक्कम आगाऊ, आणि शेवटचा हप्ता आल्याशिवाय सोर्स कोड नाही. वर्षाची उलाढाल वीस लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी ग्राहकाचं काम निर्यात धरलं जातं, त्यासाठी एलयूटी भरून ठेवायचं. चांगला सीए गाठा, यात काटकसर नको.

भारतीय संगीतासाठी करण्यासारखं बरंच बाकी आहे. गवयांच्या फोनमधलं आयतबला प्रो हे प्रसाद उपासनी यांनी बनवलेलं. स्वारप्लगसारखं भारतीय वाद्यांचं प्लगिन मात्र स्वित्झर्लंडच्या कंपनीचं. संबळ, दिमडी, हलगी यांना कुणी मनापासून हात घालावा असं मला फार वाटतं.

मंडळातल्या कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी फक्त आवाज कमी-जास्त करणारं प्लगिन लिहा, मग प्रतिध्वनीचं, मग फिल्टर. अडलं तर शनिवारी संध्याकाळी घरी या. प्रभात चौराह्यावर पोचून फोन केलात तर घ्यायला येईन. हेडफोन स्वतःचे आणा, माझे मुलीने तोडलेत.